टॉमकॅट लोकल मशीनवर: बदललेलं सेटिंग लागत नाही आणि फॉर्ममधलं मराठी मोडतं

रानवारा (प्रश्न)

विंडोज ११, जावा ११, टॉमकॅट ९ (जावाचा वेब सर्व्हर), एक्लिप्स (कोड लिहायचं साधन), मायएसक्यूएल ८ (डेटाबेस). शाळाप्रवेशाच्या अर्जांचं साधं वेब अ‍ॅप आहे. सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारे जावा क्लास), जेएसपी (जावा मिसळलेली वेब पानं), बांधणी मेव्हनने. स्प्रिंग वगैरे काही नाही. इतकं अडलं आहे:

टॉमकॅटच्या 'कॉन्फ/सर्व्हर.एक्सएमएल' मध्ये पोर्ट ८०८० चं ८०९० केलं. एक्लिप्समधून सुरू केलं की तरीही ८०८० आधीच वापरात असल्याची तक्रार येते. 'बिन' मध्ये 'सेटएन्व्ह.बॅट' करून मेमरी वाढवली, तीही लागत नाही.

शोधाच्या खोक्यात 'मराठी' टाकलं तर निकाल बरोबर येतात. तोच शब्द अर्जात भरून जतन केला की टेबलात भलतीच चिन्हं बसतात. सर्व्हर एकच, ब्राउझर एकच, पान यूटीएफ-८ मध्ये. मग एकीकडे चालतं आणि दुसरीकडे का नाही?

टॉमकॅट १० वर टाकून पाहिलं, तर सगळ्या सर्व्हलेटना ४०४ (पान सापडत नाही). लॉगमध्ये एकही एरर नाही.

शिवाय सीएसएसची एक ओळ बदलली तरी सर्व्हर बंद-चालू करावा लागतो. हे असंच असतं का?

---

आडवाट

पहिल्या अडचणीवर लिहितो. ती सुटल्याशिवाय बाकीचे बदल लागताहेत की नाही हेच कळणार नाही.

टॉमकॅटला दोन पत्ते असतात. 'कॅटलिना_होम' म्हणजे प्रोग्रॅम जिथे आहे ते फोल्डर. 'कॅटलिना_बेस' म्हणजे जिथून कॉन्फिगरेशन वाचलं जातं आणि जिथे 'लॉग्ज', 'वर्क', 'टेम्प', 'वेबअ‍ॅप्स' असतात ते फोल्डर. वेगळं सांगितलं नाही तर दोन्ही एकच. एक्लिप्स मात्र स्वतःचा वेगळा बेस बनवतं, वर्कस्पेसच्या '.मेटाडेटा' च्या पोटात खोलवर, 'टीएमपी०' नावाने. तिथली 'सर्व्हर.एक्सएमएल' येते प्रोजेक्टच्या यादीत दिसणाऱ्या 'सर्व्हर्स' या प्रोजेक्टमधून. तुम्ही बदललेली फाइल एक्लिप्सने सर्व्हर जोडताना एकदा वाचली, तेव्हाच तिची प्रत करून घेतली आणि विषय संपला. 'टीएमपी०' मधली फाइल हाताने बदललीत तरी पुढच्या पब्लिशला (एक्लिप्स सर्व्हरच्या फोल्डरात फाइली पाठवतं तेव्हा) ती पुन्हा जुनी होते. बदल करायचा तो 'सर्व्हर्स' प्रोजेक्टमधल्या फाइलमध्ये.

कोणता बेस चालू आहे हे अंदाजाने ठरवू नका. सर्व्हर सुरू होताना लॉगच्या सुरुवातीच्या वीस-पंचवीस ओळींत टॉमकॅटची आवृत्ती, 'जावा होम', 'कॅटलिना_बेस' आणि 'कमांड लाइन आर्ग्युमेंट' असं सगळं छापून येतं. तुमची मेमरी वाढवणारी '-एक्सएमएक्स' त्या ओळींत दिसत नसेल तर ती लागलेली नाही.

'सेटएन्व्ह.बॅट' चंही तसंच. ती वाचते 'कॅटलिना.बॅट'. एक्लिप्स त्या वाटेने जातच नाही, थेट जावा चालवतं. तिथे सर्व्हरवर डबल-क्लिक करून 'ओपन लाँच कॉन्फिगरेशन' उघडा आणि 'व्हीएम आर्ग्युमेंट्स' च्या चौकटीत लिहा. आधीपासून असलेल्या ओळी पुसू नका, 'कॅटलिना.बेस' तिथेच ठरतो. टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून बसवला असेल तर तोही 'सेटएन्व्ह' वाचत नाही. त्याची जावा सेटिंग्ज 'टॉमकॅट९डब्ल्यू' नावाच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये असतात.

आता ८०८०. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'नेटस्टॅट -एएनओ' चालवा, ८०८० ची 'लिसनिंग' ओळ शोधा, शेवटच्या रकान्यात प्रोसेसचा क्रमांक असतो. तो टास्क मॅनेजरच्या 'डीटेल्स' मध्ये जुळवा. मशीनवर ओरॅकल एक्सप्रेस एडिशन ११जी असेल तर बहुतेक तेच निघेल, कारण त्याचं वेब पान मुळात ८०८० वरच बसतं. अर्धवट बंद झालेला तुमचाच आधीचा टॉमकॅटही असू शकतो. तेव्हा 'जावाडब्ल्यू' नाव दिसेल, पण एक्लिप्स स्वतःही त्याच नावाने दिसू शकतं, म्हणून क्रमांक पाहिल्याशिवाय काही मारू नका.

८०९० केल्यावरही तक्रार येऊ शकते, कारण टॉमकॅट ८००५ हे बंद करण्याचं पोर्टही उघडतो. दोन टॉमकॅट एकत्र चालवायचे तर दोन्ही पोर्ट वेगळी हवीत. ८००५ च्या जागी -१ लिहिलं तर ते पोर्ट उघडतच नाही, पण मग 'शटडाउन.बॅट' चा उपयोग राहत नाही. जुन्या लेखांत ८००९, म्हणजे एजेपीचं (टॉमकॅटच्या पुढे ठेवलेल्या वेब सर्व्हरशी बोलायच्या प्रोटोकॉलचं) पोर्टही बदलायला सांगतात. २०२० मध्ये एजेपीतली गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तेव्हापासून (९.०.३१ पासून) तो कनेक्टर मुळात बंदच ठेवलेला असतो. लोकल कामाला तो लागत नाही, बंदच राहू द्या.

माझं स्पष्ट मत: प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचा बेस द्या आणि डाउनलोड केलेला टॉमकॅट कधीही हात न लावता ठेवा. 'बिन' मध्ये 'मेकबेस.बॅट' आहे, त्याला नव्या फोल्डरचा पत्ता दिला की आवश्यक फोल्डर आणि फाइली तयार होतात. 'सेटएन्व्ह' त्या बेसच्या 'बिन' मध्ये ठेवा, 'कॅटलिना.बॅट' आधी तिथेच शोधतो. उद्या टॉमकॅटची नवी दुरुस्त आवृत्ती आली की फक्त 'कॅटलिना_होम' बदलायचं, तुमचं एकही सेटिंग हलत नाही.

अ‍ॅप 'वेबअ‍ॅप्स' मध्ये कॉपी करत बसू नका. बेसमध्ये 'कॉन्फ/कॅटलिना/लोकलहोस्ट' इथे 'प्रवेश.एक्सएमएल' नावाची फाइल करा, तिच्यात एकच 'कॉन्टेक्स्ट' टॅग आणि त्याचा 'डॉकबेस' म्हणजे मेव्हनच्या 'टार्गेट' मधल्या उलगडलेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता. (मेव्हनचं 'वॉर:एक्सप्लोडेड' ते फोल्डर तयार करतं.) यूआरएलमधलं नाव फाइलच्या नावावरून ठरतं, इथे 'पाथ' लिहिलात तरी त्याकडे पाहिलं जात नाही. मुळाशी हवं असेल तर फाइलचं नाव 'रूट', सगळी कॅपिटल अक्षरं. 'डॉकबेस' 'वेबअ‍ॅप्स' च्या आतला दिलात तर टॉमकॅट इशारा छापून तो सोडून देतो.

---

सांजदिवा

मराठीच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच निरीक्षणात आहे. शोध 'गेट' ने जातो, अर्ज 'पोस्ट' ने. 'गेट' मध्ये शब्द यूआरएलमधून येतो. यूआरएल कोणत्या एन्कोडिंगने (अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धतीने) वाचायची हे कनेक्टरचं 'यूआरआयएन्कोडिंग' ठरवतं आणि टॉमकॅट ८ पासून ते न सांगताही यूटीएफ-८ असतं. 'पोस्ट' मध्ये शब्द रिक्वेस्टच्या पोटात येतो. त्याला हे सेटिंग लागू नाही. ब्राउझर फॉर्मसोबत एन्कोडिंगचं नाव पाठवत नाही, म्हणून सर्व्हलेटच्या नियमाप्रमाणे टॉमकॅट ९ ते आयएसओ-८८५९-१ धरून वाचतो. 'कनेक्टर' मध्ये 'यूआरआयएन्कोडिंग' टाका, हा सल्ला जागोजाग सापडेल. तुमच्या अडचणीवर त्याचा काही उपयोग नाही.

नेमकं काय होतं ते एका शब्दावर पाहा. 'मराठी' म्हणजे म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी: युनिकोडच्या हिशेबाने ५ अक्षरं. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे १५ बाइट. 'म' चे बाइट ई०, ए४, एई. हे तीन बाइट आयएसओ-८८५९-१ ने वाचले की तीन सुटी चिन्हं होतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेलं लॅटिन ए, मग चलनाचं चार पायांचं वर्तुळ, मग ट्रेडमार्कवाल्यांचं गोलातलं आर. तुमच्या टेबलात दर तीन चिन्हांमागे तोच रेघवाला ए दिसत असणार.

म्हणून तपासणी सोपी आहे. सर्व्हलेटमध्ये पॅरामीटर घेतल्या घेतल्या त्याची लांबी लॉगमध्ये छापा. 'मराठी' साठी ५ आली तर इथवर सगळं ठीक, दोष पुढे डेटाबेसच्या वाटेवर. १५ आली तर वाचतानाच मोडलं. ही लांबीच छापा, शब्द नको. विंडोजच्या कन्सोलचं स्वतःचं कोडपेज वेगळं असल्याने बरोबर शब्दही तिथे मोडका दिसतो आणि माणूस चुकीच्या जागी शोधत बसतो.

उपाय अ‍ॅपच्या 'वेब.एक्सएमएल' मध्ये. फाइलची आवृत्ती ४.० असेल तर 'रिक्वेस्ट-कॅरेक्टर-एन्कोडिंग' हा एक टॅग, त्यात यूटीएफ-८. 'रिस्पॉन्स-कॅरेक्टर-एन्कोडिंग' ही लिहा. फाइल जुन्या आवृत्तीची असेल तर टॉमकॅटसोबत येणारा 'सेटकॅरेक्टरएन्कोडिंगफिल्टर' लावा, 'एन्कोडिंग' यूटीएफ-८, मॅपिंग सगळ्या पत्त्यांना. फिल्टरचं मॅपिंग बाकी सगळ्या फिल्टरांच्या वर हवं. त्याआधी लॉगिन तपासणाऱ्या एखाद्या फिल्टरने एक जरी पॅरामीटर वाचला, तर सगळे पॅरामीटर त्याच क्षणी चुकीच्या एन्कोडिंगने फोडले जातात. नंतर सांगितलेलं एन्कोडिंग निमूटपणे वाया जातं, एरर येत नाही.

हे टॉमकॅटच्या 'कॉन्फ/वेब.एक्सएमएल' मध्येही करता येतं, पण करू नका. तुमच्या मशीनवर चालेल आणि खऱ्या सर्व्हरवर पुन्हा मोडेल.

चिन्हांऐवजी ५ प्रश्नचिन्हं दिसत असतील तर दोष वेगळा: मूळ अक्षरं बरोबर होती, पण पुढे कुणीतरी एका बाइटच्या एन्कोडिंगमध्ये लिहायला गेलं. जेएसपीच्या डोक्यावर 'पेजएन्कोडिंग' नाही, 'गेटरायटर' च्या आधी 'सेटकंटेंटटाइप' नाही, किंवा टेबल लॅटिन१ चं आहे. मायएसक्यूएल ८ मध्ये नवीन टेबल मुळातच यूटीएफ८एमबी४ असतं, पण ५.७ मधून आणलेलं जुनं टेबल लॅटिन१ चंच राहतं. 'शो क्रिएट टेबल' ने पाहून घ्या. जेएसपीत 'इन्क्लूड' डायरेक्टिव्हने घेतलेल्या तुकड्यांनाही प्रत्येकाला स्वतःचं 'पेजएन्कोडिंग' लागतं, मुख्य पानाचं त्यांना पुरत नाही. शीर्षपट्टीतलंच मराठी मोडलेलं आणि खालचं नीट, असं दिसलं की कारण हेच.

जावा ११ वर विंडोजमध्ये मूळ कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ नसतो (तो जावा १८ पासून झाला), म्हणून मेव्हनच्या 'पॉम' मध्ये 'प्रोजेक्ट.बिल्ड.सोर्सएन्कोडिंग' यूटीएफ-८ लिहिलेलं हवं. नाहीतर जावा फाइलीतली मराठी वाक्यं कंपाइल होतानाच मोडतील.

---

रानवारा

लॉगमध्ये बेस 'टीएमपी०' च निघाला. 'सर्व्हर्स' प्रोजेक्टमध्ये बदलल्यावर ८०९० लागलं. ८०८० वर ओरॅकल होतं.

लांबी १५ येत होती. 'वेब.एक्सएमएल' ३.१ होती, ४.० करून टॅग टाकल्यावर ५ येते. एकच राहिलं: आधी मोडून जतन झालेल्या साधारण तीनशे नोंदी आहेत. त्या दुरुस्त होतात का? एसक्यूएलमध्ये आधी लॅटिन१, मग बायनरी, मग यूटीएफ८एमबी४ असं 'कन्व्हर्ट' करायचा उपाय सापडला आहे.

---

सांजदिवा

तो उपाय इथे चालवू नका. मायएसक्यूएलचं 'लॅटिन१' म्हणजे खरं तर विंडोज-१२५२ आहे. तुमची अक्षरं मोडली जावाच्या खऱ्या आयएसओ-८८५९-१ ने. दोघांत ८० ते ९एफ या बाइटांचा अर्थ वेगळा आहे आणि मराठीच्या बऱ्याच मात्रांचा शेवटचा बाइट नेमका त्याच पट्ट्यात पडतो. दुसऱ्या वेलांटीचा ८०, एका मात्रेचा ८७, 'ओ' काराचा ८बी. एसक्यूएलने परत फिरवताना या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि ते अक्षर कायमचं जातं. 'ठ' पासून पुढची व्यंजनं आणि काना बरोबर येतात, म्हणून वरवर पाहताना काम झाल्यासारखं वाटतं. हा धोका मोठा आहे.

जावातूनच फिरवा. आधी टेबलाची प्रत करून ठेवा. मग एक छोटा प्रोग्रॅम: ओळ वाचा, स्ट्रिंगमधून 'गेटबाइट्स' ने आयएसओ-८८५९-१ चे बाइट घ्या, त्या बाइटांपासून यूटीएफ-८ ने नवी स्ट्रिंग करा, परत लिहा. दोन्ही ठिकाणी एन्कोडिंग स्पष्ट लिहा. आणि मूळ स्ट्रिंगमध्ये देवनागरी अक्षर आधीच असेल तर ती ओळ सोडून द्या, नाहीतर दुरुस्तीनंतर भरलेल्या चांगल्या नोंदी तुम्हीच मोडाल. ज्या नोंदींत खरी प्रश्नचिन्हं बसली आहेत त्या अर्जदाराकडून पुन्हा घ्याव्या लागतील.

ओरॅकल मशीनवर आहेच, तर पुढे कधी हेच टेबल तिकडे नेलंत तर एक लक्षात असू द्या. 'व्हारचार२(२०)' म्हणजे मूळ सेटिंगमध्ये २० बाइट. 'महाराष्ट्र' डोळ्याला चार अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरातले हलन्त धरून ती १० आहेत, म्हणजे ३० बाइट. रकान्यात मावत नाही, ओरा-१२८९९ येते. '२० चार' असं लिहा, मग मोजणी अक्षरांत होते.

---

लोखंडी पेटी

टॉमकॅट १० आणि सीएसएस, दोन्हींवर.

टॉमकॅट १० पासून सर्व्हलेटच्या पॅकेजचं नाव 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झालं. तुमच्या क्लासवर जुन्या पॅकेजचं 'वेबसर्व्हलेट' अ‍ॅनोटेशन आहे, नवा टॉमकॅट ते ओळखतच नाही. त्याच्या लेखी तो सर्व्हलेट नाहीच, म्हणून ४०४ आणि लॉग कोरा. 'वेब.एक्सएमएल' मध्ये मॅपिंग असतं तर निदान 'हा क्लास सर्व्हलेट नाही' अशी किंवा क्लास सापडत नसल्याची एरर तरी आली असती.

सध्याचं काम ९ वरच करा. तो जावा ८ पासून चालतो. १०.१ ला जावा ११ लागतं, ११ ला जावा १७. १० वर कसं दिसेल ते पाहायचंच असेल तर वॉर फाइल (बांधून तयार झालेलं अख्खं अ‍ॅप) 'वेबअ‍ॅप्स' ऐवजी 'वेबअ‍ॅप्स-जावाईई' या फोल्डरमध्ये टाका (नसेल तर करा). टॉमकॅट १० तिचं रूपांतर करून 'वेबअ‍ॅप्स' मध्ये ठेवतो. स्वतः कोड बदलाल तेव्हा 'जावाएक्स' शोधून सरसकट 'जकार्ता' करू नका. 'जावाएक्स.एसक्यूएल' आणि 'जावाएक्स.नेमिंग' हे जावाचेच भाग आहेत, त्यांची नावं तशीच राहिली आहेत. डेटासोर्स (डेटाबेसच्या जोडण्या पुरवणारा भाग) त्यांच्यावरच चालतो.

कोणत्याही आवृत्तीवर सर्व्हलेट एपीआयची जार 'वेब-इन्फ/लिब' मध्ये जाऊ देऊ नका. 'पॉम' मध्ये तिचा 'स्कोप' 'प्रोव्हाइडेड' हवा.

सीएसएससाठी रीस्टार्ट लागायलाच नको. टॉमकॅट स्थिर फाइली स्मृतीत धरतो, पण ५ सेकंदांनी पुन्हा तपासतो. जेएसपी ४ सेकंदांनी. तेवढाही उशीर नको असेल तर कॉन्टेक्स्टमध्ये 'रिसोर्सेस' टॅग टाकून 'कॅशिंगअलाउड' 'फॉल्स' करा. तरीही जुनंच दिसत असेल तर बदल सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही: तुम्ही बदलता 'एसआरसी' मधली फाइल, सर्व्हर वाचतो 'टार्गेट' मधली किंवा एक्लिप्सच्या 'डब्ल्यूटीपीवेबअ‍ॅप्स' मधली. त्या फोल्डरात जाऊन फाइलची वेळ पाहा. वेळ नवी असेल तर ब्राउझरचा कॅश, जुनी असेल तर पब्लिश झालेलं नाही.

जावा क्लाससाठी सगळे 'रीलोडेबल' 'ट्रू' सुचवतात. मी सुचवणार नाही. त्याने प्रत्येक बदलाला अख्खं अ‍ॅप नव्याने उभं राहतं आणि सेशनमध्ये ठेवलेला क्लास 'सीरियलायझेबल' नसेल तर लॉगिनही जातं. वीस-तीस वेळा झालं की जुने क्लासलोडर सुटत नाहीत आणि 'मेटास्पेस' (जावा क्लासांची माहिती ठेवायची मेमरी) भरू शकते. त्यापेक्षा 'रीलोडेबल' बंद ठेवून सर्व्हर डीबगमध्ये चालवा. मेथडच्या आतला बदल जतन करताच लागतो. नवीन मेथड किंवा फील्ड आलं तरच रीस्टार्ट. एक्लिप्सबाहेर चालवत असाल तर 'कॅटलिना जेपीडीए रन', आणि डीबगर ८००० ला जोडा.

विंडोजवर सर्व्हर चालू असताना मेव्हनचं 'क्लीन' चालवू नका. जार फाइली धरलेल्या असतात, फोल्डर अर्धं पुसलं जातं आणि पुढची पाच मिनिटं विचित्र एररांत जातात.

---

आडवाट

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही याच मांडणीत हमखास गाठतात.

कॉन्टेक्स्ट फाइलीत मायएसक्यूएलचा पत्ता लिहाल तेव्हा दोन पर्यायांमधला '&' तसाच ठेवू नका. फाइल एक्सएमएल आहे, तिथे '&' नंतर लगेच 'एएमपी' ही तीन अक्षरं लॅटिनमध्ये आणि अर्धविराम हवा. नाहीतर फाइल वाचताच येत नाही आणि अ‍ॅप उभंच राहत नाही. ड्रायव्हरची जार बेसच्या 'लिब' मध्ये ठेवा. डेटासोर्स टॉमकॅट उघडतो, त्याला तुमच्या अ‍ॅपच्या आतली जार दिसत नाही. जुन्या लेखातले 'मॅक्सअ‍ॅक्टिव्ह' आणि 'मॅक्सवेट' आता चालत नाहीत, टॉमकॅट ८ पासून त्यांची नावं 'मॅक्सटोटल' आणि 'मॅक्सवेटमिलिस' आहेत. जुनं नाव लिहिलंत तर फक्त एक इशारा छापून ते सोडून दिलं जातं आणि तुम्ही ठरवलेली मर्यादा लागतच नाही.

दुसरी: ८०८१ वर अ‍ॅडमिनचं अ‍ॅप आणि ८०९० वर हे, दोन्ही मुळाशी ठेवलीत, तर एकात लॉगिन केलं की दुसऱ्यातून बाहेर फेकले जाल. कुकी पोर्ट पाहत नाही. दोघांची 'जेसेशनआयडी' लोकलहोस्टच्या नावावर एकमेकांना पुसते. एकाच्या कॉन्टेक्स्टमध्ये 'सेशनकुकीनेम' वेगळं द्या.

---

रानवारा

तीनशेपैकी २८७ नोंदी जावातून नीट झाल्या, १३ मध्ये प्रश्नचिन्हं होती, त्या पुन्हा मागवतोय. अ‍ॅडमिनचं अ‍ॅप खरंच आहे आणि लॉगिन जायचं कारण आता कळलं. कुकीचं नाव बदललं, दोन्ही शेजारी-शेजारी चालताहेत. बेस उद्या 'मेकबेस' ने वेगळा करतो.